चतुराबाईच्या चुलीवरचा गंज

धानोडीच्या बौद्धपुऱ्यात चतुराबाईच्या हातचा मार ज्यानं खाल्ला नाही असा माणूस शोधायचा, तर पाळण्यात शोधावा लागेल. आणि तिच्या हातची बरबटी ज्यानं खाल्ली नाही असा तर पाळण्यातही सापडायचा नाही. मार आणि रस्सा, दोन्ही एकाच चुलीजवळून निघायचे. तिच्या उजव्या हातात पळी असायची आणि डाव्यात फुंकणी. ही फुंकणी लोखंडी, चांगली हातभर लांब. तिचा नवरा किसनराव बडनेऱ्याकडे कामाला होता तेव्हा कुठल्याशा नळाचा तुकडा उचलून मोठ्या हौसेनं घरी घेऊन आला. बायकोला चूल फुंकायला बरं पडेल म्हणाला. बिचाऱ्याच्या डोक्यात आलंच नाही की आपण आपल्याच घरात हत्यार नेतोय. पहिला वार त्याच्यावरच पडला. त्याचा उजवा कान वरून दुमडलेला आहे. विचारलं तर म्हणतो, बैलानं शिंग मारलं. असेल बाबा. बैल लुगडं नेसत असेल.

तिची सासू मैनाबाई हीदेखील काही गाय नव्हती. नवी सून घरात आली त्या पहिल्याच आखाजीच्या सणाला म्हातारीनं तिच्या पाठीत वरवंटा फेकून मारला. सुनेनं वरवंटा उचलला, धुतला, त्यानंच लसूण वाटला आणि मग शांतपणे सासूच्या नडगीवर ठेवून दिला. तेव्हापासून दोघींचं रोजचं होतं. म्हातारीच्या कपाळावर खोक, सुनेच्या कोपरावर डागाचा वळ. शेजारीपाजारी मध्ये पडत नसत, कारण मध्ये पडणारा दोघींचा खाऊन यायचा. भांडण ऐकायला मात्र सगळे आपापल्या छपरीत येऊन बसत. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पण चुलीवर गंज चढला की भांडण थांबायचं. गंज म्हणजे आपलं मोठं जर्मनचं भांडं, बुडाला काळंकुट्ट. त्यात रात्रभर भिजलेली बरबटी पडायची. पुण्याकडचे लोक तिला चवळी म्हणतात, म्हणोत. मग खाली बाभळीचं एक जाड लाकूड आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्यांचा जाळ. दुसरीकडे तव्यावर जवारीचं पीठ भाजायचं, लसणाची अख्खी गड्डी निखाऱ्यात सारायची, लाल मिरच्या पाट्यावर रगडायच्या. आणि शेवटी दोरीवरच्या चान्या.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या. गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं आमच्या पुऱ्यानं, आणि त्याचं मांस हीच त्याची मजुरी. अख्खं ढोर एका दिवसात कोण खाणार? म्हणून पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि चुलीच्या वर दोरीला टांगायच्या. धुरानं त्या काळ्या पडत, जोड्याच्या पट्ट्यासारख्या कडक होत आणि वर्षभर टिकत. चतुराबाई त्या विळ्यानं तोडायची, गरम पाण्यात धुवायची आणि अर्ध्या शिजलेल्या बरबटीत टाकायची. धुराचा वास रश्शात उतरायचा. त्या वासानं आळीतली भांडणं सुटत आणि नवी लागत.

मग छप्पन साल आलं. पुऱ्यातली माणसं रेल्वेनं नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली. आल्याबरोबर विहिरीपाशी सगळे बसले आणि ठरलं: मेलेलं ढोर ओढायचं नाही, मेलेल्या ढोराचं खायचं नाही. प्रत्येकानं उभं राहून शपथ घेतली. त्याच संध्याकाळी घराघरातल्या चान्यांच्या दोऱ्या खाली आल्या आणि त्यांची होळी झाली. चतुराबाईनं आपली दोरी स्वतः तोडली. आगीत टाकताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते धुरानं आलं असं ती म्हणाली आणि कुणी वाद घातला नाही, फुंकणी हातात होती.

पुऱ्याचा पुढारी होता देवमन. वयानं लहान, अंगानं काडी, पण आवाज असा की बोलायला लागला तर मोर्शीच्या बाजारात ऐकू जावा. त्यानं आणखी एक नेम घातला. ज्याच्या घरात ढोराचं मांस सापडेल त्याला पुऱ्याबाहेर काढायचं. त्याला आग नाही, पाणी नाही, बोलणं नाही. "एकानं खाल्लं तं सगळ्यायनं खाल्लं म्हणतीन," देवमन म्हणाला, "अन् खाता तं ओढा म्हणतीन." ते खरंच होतं. सगळ्यांनी माना हलवल्या, चतुराबाईनं सगळ्यांत जोरात.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात गावातली एक म्हैस मेली आणि बोलावणं आलं. कोणी गेलं नाही. मग गावानं पुऱ्याची कोंडी केली. दुकान बंद, पीठगिरणी बंद, मजुरी बंद. कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही, गवताची काडी तोडायची नाही. यात पुढे होते महादेवराव. संत्र्याचा मोठा बगीचा, मोठं घर, मोठ्या मिशा. त्यांच्या बगीच्याचा राखणदार शेषराव, त्याच्या हातात सदा तेल पाजलेलं दांडकं. चतुराबाईच्या शेजारचा धर्मपाल धुऱ्यावरचं गवत कापताना सापडला, तर शेषरावानं त्याचा हात दगडावर ठेवून दांडक्याच्या बुडानं दोन बोटं ठेचली. नखं निघून आली. धर्मपाल घरी आला तो हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून. सोगा लाल झालेला आणि तोंड पांढरंफटक.

चतुराबाईच्या दोन बकऱ्या होत्या. त्या बगीच्याच्या काटेरी कुपाटीपाशी चरायला गेल्या आणि आल्याच नाहीत. ती शोधत गेली तेव्हा नाल्यात पडलेल्या सापडल्या. दोघींचे मागचे पाय मोडलेले, हाड कातड्यातून बाहेर. एक ओरडत होती, दुसरीला ओरडायचं बळ नव्हतं. वर काठावर शेषराव उभा.

"उचल आपले ढोरं," तो म्हणाला. "ढोरं उचलाची सवय हाय न तुमाले?"

चतुराबाईनं एकीला एका खांद्यावर घेतलं, दुसरीला दुसऱ्या. काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे काय झालं ते शेषरावाला कळायला पाहिजे होतं. पण तो आमच्या आळीत राहत नव्हता.

आता इथे ती चुकली. आमच्याकडे कुणाच्या घरी बकरी कापली की घरोघरी वाटा जातो, मांसाच्या चार बोटी असल्या तरी चार घरांत. पण पोटच्या पोरीचा प्रश्न होता. ललिता, तिची थोरली, बाळंतपणाला आलेली, पोट नाकाशी आलं होतं आणि गालफडं बसली होती. कोंडी कधी उठेल कुणाला ठाऊक? वाटे घातले तर एका दिवसात बकऱ्या संपणार. म्हणून चतुराबाईनं दार लावून दोन्ही बकऱ्या कापल्या. पायांचा रस्सा ललिताला पाजला, कातडं केस जाळून भाजून खाल्लं, हाडं उकळून कुत्र्यांना टाकली. आणि बाकीचं मांस? ते टिकवायचं कसं हे तिच्या हातांना एकच ठाऊक होतं. लांब पट्ट्या, मीठ, हळद, दोरी, धूर. बकरी वाळवायची असते असं पुऱ्यात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बकरी म्हणजे आज कापली, आज खाल्ली.

"बकऱ्या कुठं गेल्या वो, काकी?" लोकांनी विचारलं.

"भाऊ आलता पहाटीच. घेऊन गेला हिवरखेडले. तिकडं चारा हाय," ती म्हणाली.

हिवरखेड तिकडे अकोल्याच्या अंगाला. एवढ्या लांबून भाऊ आला, बकऱ्या घेऊन गेला, आणि आळीतल्या एकाही बाईनं त्याला पाहिलं नाही! आमच्या आळीत मांजर व्याली तर पिल्लांचे रंग घरोघरी ठाऊक असतात. बायका एकमेकींकडे बघून गप्प बसल्या. असं गप्प बसणं काही चांगलं नसतं.

थोड्याच दिवसांत महादेवरावांचा मोटेचा बैल मेला. बगीच्याच्या कडेला पडला तो तिथेच फुगला. ओढायला कोण? एका सकाळी पाहतात तर त्याची मागची एक मांडी गायब. तडसानं, म्हणजे तरसानं, नेली होती, पायाचे ठसेही होते. पण ज्याला दिसायचं नसतं त्याला ठसे दिसत नाहीत. महादेवराव ओरडले, "पुऱ्यानं कापली! ओढाले लाज वाटते, खाले नाही वाटत!"

आणि नेमकं त्याच सकाळी चतुराबाईनं गंज चढवला होता. ललिताला रात्रीपासून कळा येत-जात होत्या. बाळंतपणाआधी पोटात काही जड, गरम गेलं पाहिजे म्हणून ती पहाटेपासून चुलीशी होती. बरबटी फुटायला आली, लसणाचा वास सुटला, आणि तिनं दोरीवरच्या काही चान्या तोडून टाकल्या. दोन वर्षांत पुऱ्यात तो वास आला नव्हता. उपाशी पोटांना तो काय लागला! धर्मपालाची बायको जमुना भाकरीचं पीठ तसंच सोडून दारात आली. म्हातारे उठून बसले. आणि मग एकेकाच्या तोंडाला सुटलेलं पाणी आटलं, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. चान्या. कशाच्या?

देवमन आला तो दारातून आतच शिरला. वर पाहिलं. दोरीवर काळ्या पट्ट्या लटकत होत्या, हातभर लांब, अगदी जुन्या कापाच्या.

"काकी, हे काय करून राहिली?"

"सैपाक. डोळे फुटले काय तुये?"

"हे मांस कायचं?"

"बकरीचं."

"बकऱ्या तं हिवरखेडले गेल्या न? तिकून चालत आल्या अन् दोरीवर चढल्या?"

बाहेर कुणीतरी हसलं. चतुराबाईच्या मानेवरची शीर फुगली. तिनं खरं काय ते सांगितलं, भराभरा, नाल्यातलं, शेषरावाचं, सगळं. पण एकदा खोटं बोललेल्या तोंडातून खरंही खोट्यासारखंच बाहेर पडतं.

"कातडं दाखव," देवमन म्हणाला.

"खाल्लं."

"हाडं?"

"कुत्र्यायले पूस."

देवमननं हात वर केला आणि दोरी धरली. फुंकणी कधी उठली हे कुणी पाहिलं नाही. आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. देवमन मनगट पोटाशी धरून खाली बसला, हात कोपराच्या पुढे भलतीकडेच वळलेला. त्याच्या तोंडातून एवढा मोठा आवाज निघाला की तो भाषणातही कधी निघाला नव्हता. दोन पोरं धावून आली. एकाच्या बरगडीत फुंकणीचं टोक गेलं, दुसऱ्याच्या मांडीवर पळीभर उकळता रस्सा सांडला. तिसरा दारातच थांबला. हुशार होता, पुढे तलाठी झाला.

"तुले बाहेर काढू! आजच्या आज!" देवमन कण्हत ओरडला. "पोरीले घेऊन निघ!"

तेव्हा मात्र चतुराबाईनं उगारलेली फुंकणी खाली घेतली. मार द्यायला तिला कुणाची भीती नव्हती. पण पुऱ्याबाहेर? गावात कोंडी, पुऱ्यात बंदी, आणि ललिता आत कळा देत पडलेली. नाल्यात बाळंत करायचं पोरीला, त्या बकऱ्यांच्या जागी? ती चुलीसमोर उभी राहिली, दोन्ही हातांत दोन्ही हत्यारं. आतून ललिता म्हणाली, "आई वो," आणि मग नुसतं दात खाल्ल्याचा आवाज आला.

एवढ्यात बाहेर गलका झाला. महादेवराव आले होते. मागे शेषराव, त्याच्यामागे काठ्या घेतलेले आठ-दहा गडी. वास बगीच्यापर्यंत गेला असावा. अंगणात शिरता शिरता एका गड्यानं किसनरावाला, तो फक्त दाराशी उभा होता म्हणून, काठीनं तोंडावर हाणलं. किसनरावाचा ओठ फाटला, दाढीवरून रक्त गळायला लागलं. त्याला सवय होती, तो बाजूला झाला.

"हं!" महादेवराव म्हणाले, "पाहा! शपथा घेतल्या म्हणे! माह्या बैलाची मांडी शिजून राहिली इथं. काय रे देवमन, आता काय म्हणतं? खाता न? मंग ओढा. आत्ता उठा अन् ओढा, नाहीतं हा गंज चावडीवर नेतो अन् साऱ्या मोर्शी तालुक्याले दाखवतो."

देवमननं गंजाकडे पाहिलं. दोन वर्षं शपथ पाळली, सगळा पुरा उपाशी राहिला, धर्मपालाची बोटं गेली, ती याच गोष्टीसाठी. आणि आता एका बाईच्या गंजात सगळं बुडायला आलं.

"बकरीचं हाय!" चतुराबाई गरजली. "या शेषरावाले पुसा! यानंच पाय मोडले बकऱ्यायचे!"

शेषरावानं दात दाखवले. "म्या कोणाच्या बकऱ्या पाह्यल्या नाहीत, बावा."

चतुराबाई त्याच्याकडे बघत राहिली. खोटं बोलण्याची तिला नवलाई नव्हती, तिनंही सांगितलं होतं. पण असं हसत हसत?

"मंग ठरवा कसं?" धर्मपाल पुढे आला, हाताला अजून चिंधी. "धुरानं काळं झालं, शिजून मऊ झालं. नुसतं पाहून बैल का बकरी, काय समजतं? चव पाहा लागन."

"पाह्य मंग!" चतुराबाई म्हणाली आणि पळी पुढे केली.

धर्मपाल मागे सरला. "म्या शपथ घेतली हाय. बैलाचं निघालं तं?"

ती पळी घेऊन देवमनपुढे गेली. देवमननं मान फिरवली. आणखी दोघा-तिघांपुढे गेली. सगळ्यांच्या जिभांना बैलाची चव चांगली पाठ होती, आणि सगळ्यांच्याच जिभांवर शपथ होती. तिकडे महादेवरावांच्या गड्यांनी शपथ घेतली नव्हती, पण त्यांना बैल ओढायलाही नको आणि चाखायलाही नको. शिवाय आमच्या गंजाला त्यांचं बोट लागलं तर त्यांना आंघोळीला सगळी वर्धा नदी पुरली नसती. म्हणजे ज्याला कळत होतं तो खाऊ शकत नव्हता, आणि जो खाऊ शकत होता त्याला कळत नव्हतं. दोन्हीकडे काठ्या होत्या, मध्ये रस्सा रटरटत होता, आणि मोठमोठे बाप्ये एका पळीकडे बघत उभे!

तेव्हा जमुना हळूच म्हणाली, "मैनामायनं कुठं शपथ घेतली?"

सगळ्यांच्या माना छपरीकडे वळल्या. खरंच की! दीक्षेच्या वेळी चतुरा नागपूरला निघाली एवढ्यावरून म्हातारी रुसून घरीच बसली होती. सून पूर्वेला गेली तर ही पश्चिमेला जाणार. विहिरीपाशी शपथा झाल्या त्या संध्याकाळीही तिनं गोधडीतून तोंड बाहेर काढलं नव्हतं. तिच्या जिभेवर साठ वर्षांची चव होती आणि बांधिलकी कशाचीच नव्हती.

मैनाबाई तंबाखू थुंकली. तोंड पुसलं. आपलं सगळं आयुष्य याच सकाळची वाट पाहत होतं असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

एक शब्द. म्हातारीनं 'बैल' एवढं म्हटलं की संपलं. वरवंट्याचा, फुंकणीचा, कपाळावरच्या खोकीचा, सगळ्या वर्षांचा सूड एका शब्दात. चतुराबाईनं सासूकडे पाहिलं. विनवणी तिला येत नव्हती, कधी शिकलीच नव्हती. ती एवढंच म्हणाली, "खा, बुढे."

"अशी कोरडी चव घेत नाही म्या," मैनाबाई म्हणाली. "वाटी आण. भाकर आण."

वाटी आली, भाकर आली. म्हातारीनं भाकर रश्शात कुस्करली, चानीचा तुकडा हिरड्यांमध्ये धरला आणि चोखत बसली. महादेवराव मिशीचं टोक चावत होते. आत ललिता किंचाळली, मग गप्प झाली.

"काय वो, माय?" देवमननं विचारलं.

"पयल्या वाटीत नाही समजत," ती म्हणाली आणि वाटी पुढे केली.

दुसरी वाटी संपली. बोटं चाटली. मग म्हातारीनं मान वर करून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बकरी हाय. मोठाली, काळी, दोनदा व्यायलेली. पायाले मार लागल्यावर कापली, रगत मांसात साकळलं हाय. अन् रस्सा पाणचट हाय. इच्या मायनं इले काही शिकवलंच नाही."

पुऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला तो असा की चुलीचा जाळ हलला. कुणीही दुसरा बोलला असता तर शंका राहिली असती. पण जन्माची वैरीण सुनेच्या बाजूनं खोटं बोलेल? हे तर महादेवरावांच्या गड्यांनाही पटलं; त्यातल्या दोघांनी काठ्या खाली घेतल्या.

महादेवरावांना पटलं नाही, म्हणजे पटवून घ्यायचं नव्हतं. "बुढी खोटी हाय," ते म्हणाले आणि शेषरावाकडे बघून नुसती हनुवटी हलवली. शेषरावानं पुढे होऊन दांडकं उचललं आणि म्हातारीच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज झाला, वाळल्या पऱ्हाटीसारखा. मैनाबाई वाटीसकट आडवी झाली.

मग चतुराबाई हलली.

तिनं पळी गंजात बुडवली आणि उकळता रस्सा शेषरावाच्या छातीवर भिरकावला. शेषराव कपडे ओरबाडत वाकला, तर वाकलेल्या तोंडावर फुंकणी आली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दात पडले, ते त्यानं हातात झेलले आणि बघत राहिला. "माह्या सासूले मारतं?" ती ओरडत होती, "माह्या सासूले? तिले माराचा हक कोणाले हाय? कोणाले हाय, सांग!" आणि प्रत्येक 'कोणाले'ला एक हाणत होती.

मग सगळा पुराच उठला. धर्मपालानं ठेचलेल्या बोटांच्याच हातानं एका गड्याचा गळा धरला आणि त्याच्या कानाचा लचका तोडला. जमुनानं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं. देवमननं तिच्या हातून ते डाव्या हातात घेतलं आणि आंधळ्यासारखं फिरवत सुटला. त्यात आपल्याच एका पोराची पाठ भाजली, पण महादेवरावांचं धोतरही पेटलं. महादेवराव धोतर सोडून पळाले. मोठं घर, मोठा बगीचा, मोठ्या मिशा, आणि खाली काही नाही! रस्त्यानं बायका पदर तोंडावर घेऊन हसत होत्या, आणि अंगणात तिघेजण रक्ताच्या थारोळ्यात पडले होते. त्यातला एक पुन्हा कधी नीट चालला नाही. त्यावर कोणी हसलं नाही, आमच्याकडेही नाही.

ललिताला त्याच गोंधळात मुलगी झाली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही, ती स्वतःच नाळ धरून बसली होती.

दुपारी पुरा पुन्हा बसला. देवमनच्या मनगटाला बांबूच्या चिपा बांधलेल्या, तोंड पिवळं. तो म्हणाला, "काकीनं नेम मोडला नाही. तिले कोणी बाहेर काढत नाही." मग म्हणाला, "पण बकऱ्या कापल्या अन् वाटा नाही घातला. खोटं बोलली. त्याचा दंड हाय."

"काय दंड?" चतुराबाईनं फुंकणी उचलली.

"सारी दोरी शिजव. साऱ्यायले वाढ."

ती शिव्या देत उठली. गंज घासला, राहिलेली बरबटी भिजायला वेळ नव्हता म्हणून तशीच उकळायला घातली, दोरीवरची शेवटची चानीही तोडली. मधेमधे सासूला भरवत होती. म्हातारीचा खांदा फडक्यानं छातीशी बांधलेला, हात हलत नव्हता.

"बुढे," भाकर तिच्या तोंडात कोंबत चतुराबाई खालच्या आवाजात म्हणाली, "बैल कावून नाही म्हटलं? म्हटलं असतं तं म्या गेली असती."

मैनाबाईनं घास गिळला. "माहं भांडण तुयासंग हाय," ती म्हणाली. "बकरीसंग नाही."

उन्हं उतरताना सगळा पुरा अंगणात जेवायला बसला. देवमन डाव्या हातानं भाकर मोडत होता आणि रस्सा सगळा गुडघ्यावर सांडत होता. आणि तेव्हाच पलीकडच्या गाडरस्त्यावर महादेवरावांचे गडी दिसले. नाकातोंडाला फडकी बांधलेली, हातात दोर. बैल ओढायला निघाले होते. दुसरा कोण ओढणार? पण त्यांनी दोर बांधला होता तो पोटाला. जरा ओढलं की दोर सुटायचा, फुगलेलं पोट फुसकन आवाज करायचं, आणि गडी ओकत दूर पळायचे. पुन्हा यायचे, पुन्हा पोटालाच बांधायचे.

पुऱ्यातले म्हातारे घास हातात धरून बघत होते. जन्मभर ज्यांनी ढोरं ओढली त्यांना ते बघवत नव्हतं. किसनरावाच्या तर मांड्याच फुरफुरायला लागल्या. फाटक्या ओठानं तो पुटपुटला, "शिंगाले बांध न बे, शिंगाले... पोटाले कायले बांधतं..." आणि नकळत उठायला लागला.

चतुराबाईनं त्याच्या खांद्यावर फुंकणी ठेवली आणि जोर दिला. किसनराव खाली बसला. तिनं त्याच्या वाटीत आणखी पळीभर बरबटी ओतली आणि ती स्वतः रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली.